टेबलं किती घ्यायची? आधी बुधवारी कोण येणार ते मोजा

"आमच्याकडे बारा माणसं आहेत, ऑफिस केवढं घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा आला की उत्तर एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं. विचारणारे सगळ्या तऱ्हेचे आहेत. शहापूरच्या बाजारपेठेत कर सल्ल्याचं काम करणारे आहेत, मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यांची हिशेब-पगाराची कामं घेणारे आहेत, पुण्या-मुंबईच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम गावी आणलेली तरुण मंडळी आहेत. दुसरा गट नोकरदारांचा. कंपनी ऐरोलीला किंवा ठाण्याला, घर सापगावला, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं. त्यांचा प्रश्न वेगळा वाटतो, पण मुळाशी तोच आहे. कुठल्या वारी, कुठून आणि कशाच्या भरवशावर काम करायचं?

मार्च 2020 च्या टाळेबंदीत जो तो जागा मिळेल तिथे बसला. कोणी ओटीवर, कोणी तांदळाच्या कणगीला टेकून, कोणी रेंजसाठी थेट गच्चीवर. त्या वेळी ते चाललं, कारण समोरचाही तसाच बसला होता. आता समोरचा नीट ऑफिसात बसलेला असतो आणि तुमच्या मागे कोंबडा आरवतो. तेव्हा जरा आखणी करूनच बसा.

माणसं मोजू नका, हजेरी मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू या.

समजा, बारा जण आहेत आणि प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचं ठरलं. म्हणजे आठवड्याला 36 हजेऱ्या. पाच दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण सात. बरेच जण इथेच हिशेब संपवून आठ टेबलं घेतात. प्रत्यक्षात काय होतं? वार निवडायची मोकळीक दिली की सोमवारी पाच येतात, मंगळवारी दहा, बुधवारी अकरा, गुरुवारी सात आणि शुक्रवारी तीन. बेरीज तीच, 36. पण बुधवारी तीन माणसं खुर्ची शोधत फिरतात आणि शुक्रवारी पाच टेबलांवर धूळ बसते. सरासरीवर घेतलेली जागा कमी पडते आणि डोक्यांवर घेतलेली उरते.

म्हणून जागा बघायला निघण्याआधी एवढं करा:

- एका वहीत चार आठवडे रोज किती जण आले ते लिहा. मोबाईलमधलं पत्रकही चालेल, पण एकानेच भरायचं. ऑफिस अजून नसेल तर प्रत्येकाला कोणते वार जमतील ते लेखी घ्या.
- सरासरी बाजूला ठेवा. सगळ्यात गर्दीच्या वाराचा आकडा घ्या.
- तो आकडा खाली आणता येतो का ते पाहा. वार वाटून दिले तर याच 36 हजेऱ्या 8, 7, 7, 7, 7 अशा बसतात. आठ टेबलं आणि पाहुण्यासाठी एक, काम झालं.
- एकमेकांवाचून ज्यांचं अडतं त्यांना एकाच वारी बोलवा. हिशेब लिहिणारी आणि तपासणारा वेगवेगळ्या दिवशी आले तर दोघंही दिवसभर फोनवरच.

"पण आमच्याकडे बुधवारी सगळ्यांनी यायचंच, एकोपा राहतो," असं मालक हमखास म्हणतात. एकोपा राहतो हे खरं. पण त्या एका दिवसासाठी जास्तीची चार टेबलं, त्यांची जागा आणि तिचं भाडं महिनाभर सोसायचं, हा तुमच्या ऑफिसातला सगळ्यात महागडा नियम ठरतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा एखादा छोटा हॉल दिवसभरासाठी घ्या, तिथेच जेवण ठेवा. एकोपा जेवणाने जास्त राहतो असं माझं मत आहे.

आपल्या भागातली एक गोष्ट शहरातल्या पुस्तकात सापडणार नाही. जुलैत भाताची लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी असली की निम्मी माणसं एकदमच सुट्टी मागतात किंवा घरून अर्धवेळ काम करू का विचारतात. हजेरीची वही त्या महिन्यांत भरली असेल तर आकडा फसवा निघेल. जानेवारी-फेब्रुवारी घ्या. आणि वार्षिक वेळापत्रकात लावणीचे पंधरा दिवस आधीच मोकळे धरा, म्हणजे दर वर्षीचे रुसवेफुगवे टळतील.

जागा कुठे: नकाशावरचा मध्य आणि एसटीचा मध्य

निम्मी माणसं शहापूरकडची, निम्मी मुरबाडकडची, मग मधोमध कुठेतरी जागा घेऊ, हा विचार नकाशावर छान दिसतो. पण माणसं नकाशावरून येत नाहीत, एसटीने, शेअर रिक्षाने आणि लोकलने येतात. मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या माणसाची सवयीची वाट कल्याणकडे जाते. शहापूरकराची वाट आसनगाव स्टेशनवरून. कल्याण-टिटवाळ्याहून येणारा आसनगावला उतरतो, आणि तिथून पुढे दोन वाहनं बदलायला लागली की तिसऱ्या आठवड्यात त्याचं "आज घरूनच करतो" सुरू होतं.

प्रत्येकाच्या नावासमोर दारापासून दारापर्यंतचा वेळ, किती वाहनं बदलावी लागतात आणि परतीची शेवटची गाडी, असे तीन रकाने भरा. ज्या जागेवर वाहनबदल कमी होतात ती निवडा, किलोमीटर थोडे वाढले तरी.

पावसाळ्याचा चौथा रकाना वेगळा ठेवा. भातसा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी चढली की सापगावच्या पुलावरून जाणं धोक्याचं होतं. असा दिवस आला तर पलीकडच्यांनी घरूनच काम करायचं, त्या दिवसाची हजेरी धरायची, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. नाहीतर साहेबाला खूश करायला कोणीतरी त्या पाण्यातून गाडी घालतो.

महिला कर्मचाऱ्यांसाठी परतीच्या गाडीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही आणि संमती असली तरी सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते, असं राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. पण आपल्याकडे प्रश्न साडेनऊच्या कितीतरी आधी सुरू होतो. शेवटची एसटी कधी, त्यावर ऑफिस बंद करायची वेळ ठरवा.

लाईट, नेट, पाणी: भाडं विचारण्याआधी हे विचारा

मी स्वतः एकदा फसलो आहे, म्हणून सांगतो. गाळा प्रशस्त, भाडं कमी, समोर गाडी लावायला जागा. मेमध्ये पाहिला आणि लगेच घेतला. वर पत्रा होता याकडे लक्षच गेलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळायला लागला आणि फोनवरचा ग्राहक म्हणाला, "तुम्ही धबधब्यावर आहात का?" चार महिने प्रत्येक महत्त्वाचा फोन मी शेजारच्या दुकानाच्या जिन्याखाली बसून केला. पत्र्याची जागा घ्यावीच लागली तर खालून छत करून घ्यायचा खर्च आधीच भाड्यात धरा. तेच छत एप्रिलच्या उन्हातही उपयोगी पडतं.

*वीज.* शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको: पावसाळ्यात लाईट जाते ती किती वेळ? त्यावरून बॅटरीचा हिशेब करा. चार लॅपटॉप धरा 240 वॅट, दोन साधे पंखे 150, दिवे 40, राऊटर 15. झाले साधारण 445 वॅट. 12 व्होल्ट, 150 एएचची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. इन्व्हर्टरची तूट आणि बॅटरीचं वय धरता बाराशे-साडेबाराशे हाती येतात. म्हणजे पावणेतीन तास. लाईट त्याहून जास्त वेळ जात असेल तर दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. कमी विजेचे, म्हणजे बीएलडीसी पंखे साध्याच्या निम्म्याहून कमी वीज खातात. घरी एकट्याने बसणाऱ्याने निदान राऊटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. लॅपटॉपची बॅटरी असते, पण राऊटर विझला की ती काय कामाची?

अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. मे-जून आणि ऑक्टोबरच्या विजांच्या कडकडाटात राऊटर जळायचं प्रमाण आपल्याकडे फार आहे. ढग गडगडायला लागले की राऊटरची पिन काढायची, हा नियम भिंतीवर लावा.

*नेट.* एकाच कंपनीच्या भरवशावर ऑफिस काढू नका. फायबर एका कंपनीचं असेल तर हॉटस्पॉटसाठी सिम दुसरीचं ठेवा. जागा पाहायला जाताना वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन जा आणि जिथे टेबल येणार तिथेच, दार लावून, वेग मोजा. रस्त्यावर मोजलेला वेग घरात मिळत नाही. डाऊनलोडइतकंच अपलोडकडे पाहा. व्हिडिओ बैठकीत तुमचा चेहरा अपलोडवर जातो. एका माणसामागे दोन्हीकडे तीन-चार एमबीपीएस धरा आणि गर्दीच्या वाराच्या आकड्याने गुणा. गावात असाल तर भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं आहे का आणि चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा.

*पाणी.* तानसा आणि भातसा आमच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट आमच्या गावपाड्यांना. हे रडगाणं इथे लांबवत नाही. पण आठ-दहा माणसं बसणार म्हटल्यावर संडासाला पाणी लागतंच. मे महिन्यात नळाला दिवसाआड येतं की आठवड्याने, विहीर की बोअर, टाकी केवढी आणि टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे करारात घाला. महिला आणि पुरुषांसाठी वेगळे संडास नसतील तर ती जागा सोडून द्या.

कागद: इथे घाई नको

आपल्या भागातल्या जागेच्या कागदपत्रांत काही खास खाचखळगे आहेत.

- जमीन कोणाची? शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड तालुक्यातली काही गावंही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकत तर सोडाच, भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. "गावातलं आहे, कोण विचारतंय" म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या कागदाला अर्थ नाही. शेड, पार्किंग, सगळ्याचा सातबारा पाहा.
- 8-अ आणि नमुना 8 यांत गल्लत करू नका. 8-अ हा तलाठ्याकडचा, खातेदाराच्या जमिनीचा उतारा. नमुना 8 हा ग्रामपंचायतीचा, घराच्या आकारणीचा. भाड्याने घर किंवा गाळा घेताना तुम्हाला दुसरा हवा, आणि त्यावर नाव मालकाचंच आहे ना ते पाहायचं. शहापूर आणि मुरबाड शहरात नगरपंचायतीची मालमत्ता कराची पावती पाहा.
- करार नोंदवा. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क लोकांना वाटतं तेवढं नसतं. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के, अशा बेरजेच्या 0.25 टक्के. उदाहरणार्थ, महिना 8,000 भाडं, 50,000 अनामत, तीन वर्षं. भाडं 2,88,000, अनामतीचे 15,000, एकूण 3,03,000. शुल्क साडेसातशेच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरी भागात 1,000. एवढ्यासाठी करार बिननोंदणीचा ठेवणारे पुढे अनामतीच्या पन्नास हजारांसाठी चकरा मारताना मी पाहिले आहेत.
- भाड्यावरचा जीएसटी. तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि मालकाची नाही, अशी स्थिती गावात नेहमीची. 10 ऑक्टोबर 2024 पासून अशा व्यावसायिक जागेच्या भाड्यावर 18 टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. 8,000 वर 1,440. त्याची वजावट मिळू शकते, पण रोख आधी जाते. कंपोझिशन योजनेतल्यांना यातून सूट आहे. नवी जागा जीएसटी नोंदणीत जोडायची असेल तर मालकाचं संमतीपत्र आणि वीजबिलाची प्रत अनामत देतानाच घ्या. नंतर मालक भेटत नाही.
- उद्यम नोंदणी मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर चुकून गेला असाल तर बाहेर या.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली माणसं थोडी असतील तर फक्त ऑनलाईन सूचना, जास्त असतील तर नोंदणी. ही सीमा दहाची होती. ती वीस करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. म्हणून अर्ज भरायच्या दिवशीचा नियम कामगार विभागाच्या संकेतस्थळावर पाहा, गेल्या वर्षी भरलेल्या मित्राला विचारून चालू नका.

घरातच ऑफिस थाटणाऱ्यांची भीती ठरलेली असते: मीटर कमर्शियल होईल का? नोकरदार घरी लॅपटॉप लावून बसला म्हणून मीटर बदलत नाही. घराच्या एका भागात स्वतःचा व्यवसाय असेल तर वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत महिन्याला 300 युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत वापर असल्यास घरगुती दराची तरतूद आहे. दर आदेश बदलत असतात, म्हणून महावितरणच्या उपविभागात एकदा विचारून घ्या. एसी लावलात तर मात्र तीनशे युनिट कधी ओलांडले ते कळणारही नाही.

आत काय मांडायचं

थोडक्यात. टेबल चार फूट बाय दोन फूट, उंची साधारण 29-30 इंच. खुर्ची सरकवायला मागे तीन फूट आणि जायला-यायला तीन फूट. दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं नीट बसतात, चौथं बसवलं तर सगळ्यांनाच एकमेकांचे फोन ऐकू येतात. म्हणून दुसरी छोटी खोली असेल तर तिथे साहेबाचं टेबल टाकू नका, ती फोन आणि व्हिडिओ बैठकीसाठी ठेवा. टेबल कोणाच्या नावाचं नसेल तर प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा लागतोच. नाहीतर डबा, चार्जर आणि छत्री टेबलावर ठेवून माणूस जागा अडवतो, घरी असला तरी. ग्राहकांची कागदपत्रं, आधारच्या झेरॉक्स उघड्यावर पडू देऊ नका. पडद्याची पाठ खिडकीकडे, दाराकडे तोंड नको.

खुर्चीवर मात्र खर्च करा. प्लॅस्टिकची खुर्ची लग्नाच्या पंगतीला ठीक.

नोकरदारांनी कंपनीकडून काय लिहून घ्यायचं

घरून काम हा सरसकट कायदेशीर हक्क नाही, हे आधी समजून घ्या. तोंडी "दोन दिवसच या" ऐकून ठाण्यातलं भाड्याचं घर सोडून सापगावला घर बांधायला काढणारे आहेत. साहेब बदलला की पाच दिवस यावं लागतं. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूद 2017 च्या दुरुस्तीने आली, पण तिथेही संमती लागते. म्हणून ई-मेलवर तरी एवढं मिळवा:

1. कोणते वार, ते कोण ठरवणार आणि बदलायचे असल्यास किती दिवस आधी कळवणार.
2. नेट, वीज, खुर्ची यांचा काही भत्ता आहे का. लॅपटॉप बिघडला तर कोणी कुठे नेऊन द्यायचा. आसनगावहून ऐरोलीची चक्कर स्वतःच्या पैशाने का?
3. लाईट किंवा नेट गेल्याचा वेळ रजेत धरणार की नाही.
4. पूर, रेल्वे बंद, अशा दिवशी काय.
5. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती कोणती. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत ती असलीच पाहिजे, आणि घरून काम करणारेही त्या मोजणीत येतात. व्हिडिओ बैठकीतल्या, रात्रीच्या मेसेजमधल्या त्रासाचीही तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

लोकलच्या पासाचाही हिशेब करा. पासाची रक्कम भागिले एकेरी तिकीट, उत्तर येईल तेवढ्या फेऱ्या झाल्या तरच पास फायद्याचा. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्याच्या महिन्याला सोळा-सतरा फेऱ्या होतात. आसनगाव ते सीएसएमटी सुमारे 86 किलोमीटर, एका दिशेला दोन तासांच्या आसपास. सवयीने तिमाही पास काढत राहणाऱ्यांनी एकदा कॅल्क्युलेटर हातात घ्यावा. आणि जायचे दोन दिवस लागोपाठचे निवडता आले, तर मधली एक रात्र कल्याण-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे काढून एक जाणं-येणं वाचतं. अर्थात नातेवाईक तयार असतील तर. दर आठवड्याला गेलात तर महिन्याभरात त्यांचा चेहरा सांगेल.

करार किती काळाचा

पहिल्यांदा ऑफिस घेत असाल तर अकरा महिने किंवा वर्षभरच घ्या, दोन महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल असं कलम घाला आणि रंगरंगोटी सोडून भिंतीत पैसे घालू नका. वर्षभर हजेरीची वही चालू ठेवा. वर्षाच्या शेवटी ती उघडून पाहा. आठ टेबलांपैकी दोन सतत रिकामी असतील तर मोठ्या जागेचा विचार सोडा. उलट तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच माणसं पायऱ्यांवर बसून काम करताना दिसली, तर आधी वारांची वाटणी तपासा. बहुतेक वेळा कोणीतरी गुपचूप मंगळवार बदलून बुधवार केलेला असतो.